सिद्राम खारगेची वही

“लिवा,” असं म्हणून सिद्राम खारगे गप्प बसला.

मी पेन उघडून तयार होतो. समोर नव्या वहीचं पहिलं पान, वर तारीख घातलेली. आमचं वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असायचं, त्यामुळे मासिकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये माग चालले होते. इचलकरंजीत तो आवाज कुणाला ऐकू येत नाही. बंद पडला तरच ऐकू येतो.

“काय लिहू?” मी विचारलं.

“त्ये मला काय म्हाईत? डॉक्टरांनी तुमास्नी सांगिटलंय न्हवं?”

“कालचा दिवस सांगा. सकाळपासून.”

त्यानं बराच वेळ टेबलाच्या कडेकडे पाहिलं. मग एकेक वाक्य बाहेर काढू लागला.

“उठलो. उठावं वाटत न्हवतं. बायकोनं उठिवलं. च्या पिलो, चव लागली न्हाई. कामावर गेलो. सात नंबरच्या मागाचा धोटा अडकत हुता. त्यो नीट केला. झाला नीट. बरं काय वाटलं न्हाई. सांजच्याला घरी आलो.” तो थांबला. “लांबनं आलो.”

“लांबनं म्हणजे?”

“नदीकडनं.”

“का?”

“असंच.”

“आणखी काही?”

“झोप न्हाई. झालं.”

मी वहीकडे पाहिलं. कच्च्या कागदावर टिपलेलं त्यात उतरवलं असतं तर चार-पाच ओळीही भरल्या नसत्या. मला त्या पानाची लाज वाटली. हे आता चमत्कारिक वाटतं. पण वाटली खरी.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या दिवाळीनंतरची. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, वाचनालयात ग्रंथपाल होतो, आणि आजारी होतो. ताप नाही, खोकला नाही. नुसता काळोख. सकाळी कुलूप उघडताना हात थरथरायचा. कुणी सभासदानं पुस्तक उशिरा दिलं तर त्याला दोन शब्द बोलायची छाती होत नसे आणि मग दिवसभर स्वतःलाच शिव्या देत बसायचो. मिरजेहून डॉक्टर हेरवाडे दर गुरुवारी गावात यायचे. एका औषधाच्या दुकानावरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. मनाचे डॉक्टर म्हटल्यावर लोक जिना चढतानाही मागं वळून बघायचे. मी तर एकदा दुकानात जाऊन कारण नसताना खोकल्याचं औषध घेतलं आणि मगच वर गेलो.

डॉक्टरांनी मला रोज वही लिहायला सांगितली. मनात येईल ते, जसं येईल तसं. मी तीन आठवडे लिहिली. डॉक्टरांनी चार पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, “हुपरीकर, हे तुम्ही कुणासाठी लिहिलंय?”

“म्हणजे?”

“म्हणजे सुंदर लिहिलंय. पण यात तुम्ही कुठं सापडत नाही मला.”

मी मान खाली घातली. ते खरं होतं. तरुणपणी मी कथा लिहायचो. त्या मासिकांकडून साभार परत यायच्या, आणि काही तर साभार न म्हणताही यायच्या. लिहायचं म्हटलं की माझा हात आपोआप चांगले कपडे घालून बसायचा.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर सिद्राम बसला होता. पंचेचाळिशीचा, रुंद हाडाचा, हाताच्या बोटांच्या रेषांत ग्रीस मुरलेलं. जॉबर होता. माग बिघडला की जो येऊन दुरुस्त करतो तो जॉबर. आणि सिद्रामसारखा जॉबर गल्लीत दुसरा नव्हता असं म्हणायचे. त्याला काय झालं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. घरात भांडण नाही, बाटली नाही. आतला पट्टा कुठंतरी तुटला होता आणि तो कुणाला दिसत नव्हता. श्रावणात त्यानं एकदा जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी वाचवला.

डॉक्टरांनी त्यालाही वही सांगितली होती. पण तो दुसरी शिकलेला. सही करायचा, पाटी वाचायचा, त्यापुढं नाही. डॉक्टरांनी आम्हा दोघांना एकदम आत बोलावलं आणि हसत म्हणाले, “यांना लिहिता येतं, बोलता येत नाही. तुला बोलता येतं, लिहिता येत नाही. दोघांत मिळून एक वही करा.”

“मला कुटं बोलता येतंय,” सिद्राम म्हणाला.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. हसू गेलेलं होतं. “हुपरीकर, आठवड्यातले सहा दिवस मी इथं नसतो. ही वही असते. याची गोळी वाढवायची की कमी करायची, याला मिरजेला ठेवून घ्यायचं की नाही, हे मी वहीवरून ठरवणार आहे. तो बोलेल तसं लिहा. त्याचंच.”

मी हो म्हणालो.

तेव्हापासून सिद्राम रोज दोन वाजता जेवणाच्या सुट्टीत यायचा. मागच्या दारानं येऊन चपला हातात घ्यायचा आणि त्या कपाटाशेजारी भिंतीला टेकवून ठेवायचा, जणू देवळात आलाय. मी कागद पुढं ओढायचो. तो सांगायचा, मी कच्चं टिपून घ्यायचो, तो गेल्यावर वहीत नीट उतरवायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवायचो. ही पद्धत माझी. त्याला वाटलं, लिहायची रीतच अशी असते.

पहिल्या दिवसाचं पान मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो एकाग्रपणे ऐकत होता.

“‘सकाळी अंथरूण सोडताना शरीर जड होतं, पण कामाची हाक आली. सात नंबरचा माग रुसून बसला होता. आडवं सूत घेऊन धावणारा त्याचा धोटा हातात घेतला, निरखला, आणि थोड्याच वेळात तो पुन्हा मुक्तपणे धावू लागला. संध्याकाळी मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी परतलो. पंचगंगेचं पाणी संथ होतं. पलीकडच्या झाडांवर बगळे उतरत होते.’”

सिद्राम पुढं झुकून पानाकडे बघू लागला.

“बगळं?” तो म्हणाला.

“संध्याकाळी असतात ना तिथं.”

“असतील की.” त्यानं मान हलवली. “चांगलं लिवलाय मास्तर. ह्यो वहीतला सिद्राम बरा हाय.”

मी हसलो. तोही हसला. त्यानं माझी चेष्टा केली असं मला वाटलं आणि ते मला आवडलं. माझी चेष्टा कुणी फारशी करत नसे.

नंतर तो आणखी जरा मोकळा झाला. एकदा पुस्तकांच्या कपाटांकडे बघत म्हणाला, “मास्तर, लगीन का केलं न्हाईसा?”

“जमलं नाही.”

“घरातबी हितल्यागतच पुस्तकं असतील. बाई ठिवायची कुटं?”

“आईपण तेच म्हणते.”

“मग आई कुटं ऱ्हाती?”

“तीही पुस्तकांच्या मधेच.”

तो खांदे हलवून हसला, आवाज न करता. मी ते हसू त्या दिवशीच्या पानात घातलं. फक्त त्याचं कारण बदललं. ‘आज मित्राशी बोलताना मनापासून हसू आलं,’ असं लिहिलं. मित्र हा शब्द लिहिताना मला बरं वाटलं होतं हे कबूल करायला हवं.

पहिल्या गुरुवारी डॉक्टरांनी वही वाचली. खोलीत आम्ही दोघं, आणि दारात सिद्रामची बायको गंगव्वा, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत. बाहेर तीसेक माणसं खोळंबली होती. डॉक्टर पानं उलटत होते आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. असा मी पूर्वी फक्त संपादकांच्या पाकिटांकडे बघायचो.

“भाषा तुमची दिसते,” ते म्हणाले.

“शब्द जरा सरळ केले,” मी म्हणालो. “बाकी त्यांचंच आहे.”

“वाचताना समोर उभं राहतं हो.” त्यांनी आणखी एक पान उलटलं. “संध्याकाळी नदीकडं फिरायला जातोस रे, सिद्राम?”

“जातो की.”

“रोज?”

“रोज.”

“बरं वाटतं?”

सिद्रामनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “वहीत हाय तसं.”

“छान लक्षण आहे,” डॉक्टर म्हणाले.

जिन्यात गंगव्वानं मला थांबवलं. चाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. बोलताना माझ्या खांद्यापलीकडे बघत होती. “मास्तर, तुमच्यापाशी बोलत्यात म्हणं. घरात तोंड उगडत न्हाईत ओ. मी इचारलं तर ‘व्हय’ न्हाई तर ‘न्हाई’. पोरगी बापाच्या म्होरनं दबकत जाती. तुमच्यापाशी बोलत्यात, हे लई झालं.”

“बोलतात,” मी म्हणालो. “खूप बोलतात.”

त्या रात्री मला गोळीशिवाय झोप लागली.

दुसऱ्या आठवड्यात पानं लांबत गेली. सिद्रामची वाक्यं मात्र तेवढीच राहिली. उठलो, उठावं वाटत न्हवतं. च्याला चव न्हाई. सुताचा बीम भरला. पोरीनं गणिताचा पेपर दावला, बगितला न्हाई, ठिवून दिला. लांबनं घरी गेलो. झोप न्हाई. सहा वाक्यं, सहाही दिवस. त्यातलं शेवटून दुसरं कधी चुकलं नाही.

मी त्या पेपरावर सबंध परिच्छेद लिहिला. लेकीचं अक्षर बघून ऊर कसा भरून आला, असा. मला वाटलं, कुठल्या बापाला वाटणार नाही? त्याला सांगता येत नाही एवढंच. त्याच्या आत असणार ते मी बाहेर काढतोय. खरंच असं वाटत होतं मला. की नंतर स्वतःची समजूत काढण्यासाठी मी हे रचलं, ते आता नक्की सांगता येत नाही.

नदीचं वर्णन मी तीन वेळा केलं. पाणी, घाट, कपडे धुणाऱ्या बायका, मावळतीचा रंग. चौथ्या वेळी सांगण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा मी ते वाक्य गाळलं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली की वाचणाऱ्याला कंटाळा येतो.

दुसऱ्या गुरुवारी डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि दुसरी अर्धी केली. “असंच चालू दे,” म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारली. “हुपरीकर, तुम्हालाही मानवलंय हे.”

मानवलंच होतं. मी सकाळी कुलूप उघडायचो आणि हात स्थिर असायचा. दोन वाजायची वाट बघायचो.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सिद्राम नेहमीसारखा आला. चपला भिंतीला टेकवल्या. फार बोलला नाही. मी टिपून घेतलं. त्यानं आदल्या दिवशीचं पान ऐकलं, उठला, आणि दारात वळून म्हणाला, “तुमी लई कष्ट घेतलासा मास्तर.” मी म्हणालो, “अहो कष्ट कसले.” तो गेल्यावर मी चार वाजेपर्यंत बसून पान भरलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, डॉक्टर वाचणार होते.

संध्याकाळी तो घरी पोचला नाही. गुरुवारी सकाळी घाटाच्या खालच्या अंगाला कपडे धुवायला गेलेल्या बायकांना तो दिसला.

मला कळलं अकराच्या सुमाराला, वाचनालयात पेपर वाचायला येणाऱ्यांच्या तोंडून. “खारग्याच्या सिद्रामनं केलंच शेवटी,” कुणीतरी पान उलटता उलटता म्हणालं. मी वही काखेत घेतली आणि बाहेर पडलो. पाय घाटाकडे न जाता डॉक्टरांच्या खोलीकडे गेले. का, ते माहीत नाही. कदाचित गुरुवार होता म्हणून.

डॉक्टरांना आधीच समजलं होतं. त्यांनी पेशंट आत घेणं थांबवलं होतं. माझ्या हातातून त्यांनी वही जवळजवळ हिसकावली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. एकेका ओळीवर बोट ठेवून, लहान मुलं वाचतात तसं. मी उभाच होतो.

“कुठं आहे?” ते म्हणाले.

“काय, डॉक्टर?”

“कुठंतरी असणार. कुठंतरी म्हणाला असणार. माणूस सांगतो हो, सांगतोच. माझ्या नजरेतून निसटलं ते कुठलं वाक्य?” त्यांनी पानं मागं उलटली. “इथं? ‘कामाची हाक आली’... नाही. इथं मुलीचा पेपर. इथं बगळे.” त्यांचा आवाज चिरकला. “मी गोळी कमी केली हुपरीकर. या पानावरून कमी केली. तुम्ही इतकं स्पष्ट लिहून आणलंत आणि मला वाचता आलं नाही.”

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर हात ठेवले आणि मला वाटलं, आत्ता नको. आयुष्यात बहुतेक वेळा मला असंच वाटत आलंय. त्यांना खरं सांगितलं ते पुढं तीन आठवड्यांनी, मिरजेला जाऊन. ते काय म्हणाले ते मी इथं लिहीत नाही. त्यांचा तो हक्क आहे. त्या दिवशी मात्र मी वही उचलली आणि जिना उतरलो.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, मागचं दार वाजलं. मी दचकलो. दार उघडलं तर गंगव्वा. कपाळ मोकळं. आत यायला तयार नव्हती. मग आली आणि खुर्ची असताना जमिनीवर बसली.

“वही हाय न्हवं तुमच्यापाशी?”

“आहे.”

“मला वाचून दावा. मग माज्यासंगं घरी चला आनि तितं वाचा.”

“घरी? कुणापुढं?”

“थोरलं दीर आल्यात रबकवीस्नं. मल्लाप्पाण्णा. त्येंची बायको हाय, चुलतं हाईत.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “समदी म्हणत्यात, कामावर बरा हुता, डॉक्टरनं बरा म्हणून सांगिटला, गोळीबी कमी केली. मग घरातच काय तरी झालं असणार. बायकोच काय तरी बोलली असणार. तोंडावर म्हणत्यात, मास्तर. सुनंदाला रबकवीला नेतो म्हणत्यात, असल्या आईजवळ ठिवायची न्हाई म्हणत्यात. मी काय बोलले न्हाई ओ त्येंना. इठ्ठलाची आन. बोलायला तोंड तरी कुटं बगत हुते माजं?”

“सुनंदा म्हणजे मुलगी?”

“सातवीत हाय.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुमच्यापाशी रोज बोलत हुते. काय तरी बोलले असतीलच. का जीव नकोसा झाला, ते. वहीत असंल तर तेवडं वाचा त्येंच्या म्होरं. माजं न्हाई ऐकायचे. लिवल्यालं ऐकतील.”

मी वही आणली. पहिलं पान काढलं आणि वाचायला लागलो. मला दुसरं काही सुचलं नाही. माझा आवाज मलाच ऐकू येत होता, आणि पहिल्यांदाच ती वाक्यं मला नकोशी वाटली. कामाची हाक. मुक्तपणे धावू लागला. संथ पाणी. मनापासून हसू आलं. गंगव्वा डोळे मिटून ऐकत होती. मधेच तिचा श्वास लांबला. मला वाटलं, रडतेय. रडत नव्हती.

“एवडं बरं वाटत हुतं त्येंना?” ती हळूच म्हणाली.

मी पुढं वाचलं. मुलीच्या पेपराचं पान आलं. ‘लेकीनं गणिताचा पेपर दाखवला. तिचं ठसठशीत अक्षर, लाल शाईतले गुण. बघता बघता ऊर भरून आला. तिला जवळ घेतलं आणि...’

“थांबा.”

मी थांबलो.

“पेपर त्येंनी बगितलाच न्हाई,” गंगव्वा म्हणाली. “मी तितंच हुते. पोरगी धरून उबी ऱ्हायली, त्येंनी घेतला आनि फळीवर ठिवून दिला. रातच्याला पोरगी माज्या कुशीत रडली. जवळ कुटं घेतलं?”

मी वहीकडे बघत राहिलो.

“हे त्येंनी सांगिटलं तुमास्नी?”

“नाही.”

“मग?”

“मी लिहिलं.”

तिला कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच. “तुमी म्हंजे? त्येंनी सांगायचं आनि तुमी लिवायचं, असंच हुतं न्हवं?”

“असंच होतं. ते म्हणाले, पेपर बघितला नाही, ठेवून दिला. मी असं लिहिलं.”

“आनि ते बगळं?”

“ते बगळे म्हणाले नाहीत.”

“काय म्हणाले?”

मी कच्च्या टिपणांचे कागद फाडून टाकले होते. वहीत उतरवलं की मी ते फाडायचो. पण ती सहा वाक्यं मला पाठ होती, अजून आहेत. मी तिला ती सांगितली, त्याच्याच बोलीत, जशी तो सांगायचा तशी. उठलो, उठावं वाटत न्हवतं, बायकोनं उठिवलं. तिथं तिनं मान हलवली. हे तिला ओळखीचं वाटलं असावं. च्याला चव न्हाई. तिनं पुन्हा मान हलवली. लांबनं घरी गेलो.

“लांबनं?”

“नदीकडनं. रोज म्हणायचे.”

“रोज?” ती उभी राहिली. “मला म्हणत हुते, मालकानं थांबवलं. सूत आलंय म्हणून उशीर झाला. आनि तुमास्नी रोज सांगत हुते, नदीवर जातो म्हणून?”

“हो.”

“तुमी इचारलं न्हाई?”

“पहिल्या दिवशी विचारलं. असंच, म्हणाले. मग मी... मी तीनदा लिहिलं. ते वाचून डॉक्टर म्हणाले, फिरायला जातो, छान आहे. चौथ्या वेळी मी म्हणालो, सिद्राम, हे रोजचंच आहे, हे सोडून देऊ. तर ते म्हणाले, रोजचंच हाय म्हणून तर सांगतोय.”

गंगव्वानं भिंतीला हात टेकला.

“शेवटच्या दिवशी?” तिनं विचारलं. “त्या बुधवारी?”

बुधवारचं पान मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. ते पूर्ण भरलेलं होतं, दोन्ही बाजूंनी.

“बुधवारी ते म्हणाले, ‘मास्तर, आज एवडंच लिवा, लांबनं गेलो. दुसरं कायबी लिवू नका. डॉक्टरांस्नी तेवडंच दिसू द्या.’ मी म्हणालो, एका ओळीचं पान बरं दिसत नाही. ते म्हणाले, ‘तुमची मर्जी.’”

माझ्या मनात आलं, ही मला मारील. मारावं, असंही आलं. ती खाली वाकली, जमिनीवर पडलेली वही उचलली. माझ्या हातातून ती कधी पडली मला कळलं नव्हतं. तिनं ती माझ्या हातात दिली.

“चला,” म्हणाली.

“ही वाचून काय होणार? यात सगळं चांगलंच आहे. ही वाचली तर त्यांना वाटेल—”

“वाचू नका. मला सांगिटलासा ते सांगा.”

मी चार वाजता वाचनालय उघडायचं आहे असं म्हणणार होतो. म्हणालो नाही.

तिचं घर एका शेडच्या भिंतीला लागून होतं. दारात चपलांची गर्दी. आत सात-आठ माणसं बसली होती. मधे पंचावन्न-साठीचे मल्लाप्पाण्णा, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात. कोपऱ्यात एक मुलगी दप्तराचा बंद ओढत बसली होती. शेजारच्या शेडमधले माग पूर्ण जोरात चालले होते आणि भिंतीवरचा आरसा त्या हादऱ्यानं सारखा किणकिणत होता.

“ह्ये कोण?” मल्लाप्पाण्णांनी गंगव्वाला विचारलं.

ती बाजूला झाली आणि मला पुढं जागा करून दिली.

“मी त्यांची वही लिहायचो,” मी म्हणालो.

“वही आणली व्हय? वाचा की मग. काय म्हणत हुता भाऊ आमचा? कुनाचा तरास हुता त्येला?”

“वाचत नाही. ती खोटी आहे.” मला वाटलं मी बोललो. पण ओठ हलले तेवढेच असावेत, कारण मल्लाप्पाण्णा कानाला हात लावून पुढं झुकले.

“काय म्हणतोय त्यो?” मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“मोट्यानं सांगा मास्तर,” गंगव्वा म्हणाली. “हितं हळू बोलल्यालं ऐकू येत न्हाई.”

आयुष्यात मी कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. वाचनालयात तर नाहीच, घरातही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मुलीनं दप्तराचा बंद ओढायचं थांबवलं होतं. मी वही पाठीमागं घेतली, श्वास घेतला आणि मागांच्या आवाजावर ओरडलो.

“वहिनींचा काही दोष नाही. ते मला रोज सांगत होते, नदीवर जातो म्हणून. मी लिहिलं नाही.”